तबल्याच्या क्लासमध्ये गाणारं कुणीतरी हवं

अमळनेरहून एका ताईचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणालीय म्हणून नाव देत नाही. पत्र लांबलचक आहे, थोडक्यात सांगतो. ताई मूळची नाशिकची, तबल्याची विशारद ही वरची परीक्षा पास झालेली, लग्न होऊन अमळनेरला आली आणि 4 वर्षं झाली, घराच्या पुढच्या खोलीत क्लास घेते. जूनमध्ये 22 मुलं असतात, डिसेंबर संपेपर्यंत 8-9 उरतात, दरवर्षी हेच. फी महिन्याला 500, तीही दोन-दोन महिने अडकते. चौकशीला आलेले लोक दारातच विचारतात, "सर कुठे आहेत?" शेजारच्या आजीबाई तिच्या विद्यार्थ्यांना म्हणतात, "तबला शिकीसन काय करशी?" आता एका इंग्लिश मीडियम शाळेनं 12 हजारांवर म्युझिक टीचर म्हणून बोलावलंय पण अट अशी की खाजगी क्लास बंद करायचा. "सर, मला शिकवताच येत नाही का? सोडून देऊ का?" असं तिनं विचारलंय. आणि अगदी शेवटी ता.क. टाकून लिहिलंय की गल्लीतल्या महिला भजनी मंडळाच्या बायका मागे लागल्यात, आम्हाला ठेका धरायला शिकव नाहीतर तूच येऊन वाजव, पण विशारद होऊन भजनी मंडळात वाजवायचं बरं दिसत नाही म्हणून टाळतेय.

ताई, तुला शिकवता येत नाही असं मला अजिबात वाटत नाही. ज्याला शिकवता येत नाही त्याच्याकडे सलग 4 वर्षं जूनमध्ये 22 मुलं येत नाहीत, अमळनेरसारख्या गावात अशी बातमी एका दिवाळीत सगळीकडे होते. मुलं तुझ्याकडे येतायत, तुझ्यावर विश्वास ठेवून येतायत, फक्त टिकत नाहीयेत, आणि ती का टिकत नाहीत याचं कारण तू मोबाईल, ट्यूशन, फी, पालकांना किंमत नाही असं सगळं लिहिलंयस, ते थोडं थोडं खरंही आहे, पण मला मुख्य कारण वेगळं दिसतं आणि ते तुझ्याच पत्रात आहे.

तू क्लासमध्ये काय काय घेतेस ते छान सविस्तर लिहिलंयस. आधी ना, ता, तिट हे बोल, मग डग्ग्यावर (डाव्या हाताच्या, जाड आवाजाच्या वाद्यावर) घे आणि के, मग धा, धिं, मग तीनतालचा ठेका, त्याची दुगुन (दुप्पट लय), मग धाधा तिट धाधा तिंना हा कायदा (बोलांची ठरलेली रचना), त्याचे चार पलटे (तेच बोल फिरवून केलेले प्रकार), तिहाई (तीनदा म्हणून समेवर येणारा तुकडा), आणि मग परीक्षा. क्रम अगदी बरोबर आहे, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांचा अभ्यासक्रम साधारण याच वाटेनं जातो, मीही असाच शिकलो. पण हे सगळं वाचताना मी एक गोष्ट शोधत होतो आणि ती सापडली नाही. या सगळ्यात गाणारं कुणी नाही. पेटी नाही. लेहरा (तबल्याबरोबर फिरत राहणारी सुरावट) आहे तो मोबाईलच्या ॲपवर आणि तोही परीक्षेच्या आधी पंधरा दिवस.

जरा त्या पोराच्या जागी बसून बघ. त्याच्या वर्गातली मुलगी पेटी शिकायला जाते, ती तीन महिन्यांत घरी एखादी प्रार्थना वाजवून दाखवते, आई ओळखते, मामा आले की त्यांनाही ऐकवते. गाणं शिकणारं पोर गाऊन दाखवतं. आणि तबला शिकणारं पोर घरी जाऊन धाधा तिट धाधा तिंना वाजवतं, घरातलं कुणी ओळखत नाही, थोड्या वेळानं आतून आवाज येतो की बस झालं रे आता डोकं दुखायला लागलं. पोराला पण कळत नाही की आपण हे कशासाठी वाजवतोय. सहा महिने, आठ महिने एकट्यानं बसून वाजवायचं आणि एकदाही कुणाबरोबर वाजवायचं नाही, मोठ्या माणसाचाही धीर सुटेल यात, हे तर दहा वर्षांचं पोर आहे. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सेशनची परीक्षा झाली की त्याला वाटतं काम झालं, आणि ते येणं बंद करतं. त्याच्या दृष्टीनं काम झालेलंच असतं ना, कारण परीक्षेशिवाय दुसरं काही कारण आपण त्याला दिलंच नाही.

तबला हे बहुतेक वेळा कुणाच्या तरी सोबतीनं वाजणारं वाद्य आहे. सोलो आहे, थोर आहे, पण मैफलीत, कीर्तनात, नाटकात, शाळेच्या प्रार्थनेत तबलजी बसतो तो दुसऱ्यासाठी. आणि साथीला बसल्यावर जे शिकायला मिळतं ते पलट्यात मिळत नाही. गाणारीनं शब्द ओढून धरला तरी आपली लय हलू द्यायची नाही, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, ती येतेय हे तिच्या श्वासावरून ओळखायचं, ती हळू झाली की डग्ग्यावरचा हात हलका करायचा, दोन ओळींच्या मधे जागा मिळाली तर छोटासा तुकडा टाकायचा आणि नसेल मिळाली तर गप ठेका द्यायचा. हा कानाचा अभ्यास आहे आणि तो पहिल्या वर्षापासून सुरू करता येतो, विशारदची वाट बघावी लागत नाही.

आता तुझ्या ता.क. कडे येतो, कारण मला वाटतं तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या तीन ओळींत आहे आणि तू ते सगळ्यात शेवटी लिहिलंयस.

विशारद होऊन भजनी मंडळात वाजवायचं का? हो ताई, वाजवायचं. उस्ताद अहमदजान थिरकवाँ साहेबांचं नाव आपण सोलो वादनातलं सगळ्यात मोठं नाव म्हणून घेतो, तेच थिरकवाँ साहेब गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना ठेका धरून बसायचे, आणि त्यानं त्यांचा हात बिघडला नाही, उलट म्हातारी माणसं त्या साथीच्या आठवणी काढून डोळे पुसायची. नंतर 1970 साली त्याच माणसाला पद्मभूषण मिळालं. झाकीरभाईंचे (झाकीर हुसेन) रील बघून पोरं तुझ्याकडे येतात असं तू लिहिलंयस, 15 डिसेंबर 2024 ला ते गेले तेव्हापासून तर जास्तच येतात, आणि सगळ्यांना तो स्पीड हवा असतो. त्या पोरांना झाकीरभाई आणि संतूरवादक शिवकुमार शर्मांची जुगलबंदी नको, नुसती साथ ऐकव, ज्यात ते कितीतरी वेळ शांतपणे ठेका देतायत आणि संतूरकडे बघतायत. त्यांना विचार, हा माणूस आत्ता काय करतोय? पोरं बरोबर सांगतात, "ऐकतोय".

तर मंडळाला हो म्हण, पण माझं म्हणणं असंय की तू एकटीनं तिकडे जाऊन वाजवू नको, मंडळाला तुझ्या क्लासमध्ये आण. आठवड्यातला एक दिवस ठरव, गुरुवार म्हण, संध्याकाळी साडेसहा ते आठ. बायका पाच-सहा अभंग आणि गौळणी म्हणतील, त्यांची सरावाची बैठक होईल, आणि साथ तुझी पोरं करतील. घरात जागा पुरत नसेल तर मंडळाच्या ओळखीनं कुठल्या तरी देवळाचा सभामंडप सहज मिळतो.

सुरुवातीला पोरांच्या हातात तबला देऊच नको. पहिले दोन-तीन गुरुवार फक्त टाळ द्यायचे आणि टाळी-खाली (तालातल्या टाळीच्या आणि मोकळ्या जागा) हातानं दाखवायला सांगायचं. भजनी ठेका 8 मात्रांचा, त्यामुळे ज्याला केरवा हा 8 मात्रांचाच ताल येतो त्याला मोजायला काही जड जात नाही, पण मोजणं वेगळं आणि पंधरा बायका मोकळ्या आवाजात गात असताना सम न सोडणं वेगळं, ते त्या टाळावर कळतं. मग एका अभंगाला एक पोर बसव. बाकीचे हातावर ताल धरतील आणि मनातल्या मनात बोल म्हणतील. पुढच्या अभंगाला दुसरं पोर. चुकलं तर अभंग थांबवायचा नाही, हा नियम आधीच बायकांना सांगून ठेव, कारण पोरानं सम सोडल्यावर स्वतः ऐकून परत समेवर यायला शिकणं हाच मोठा धडा आहे, आपण थांबवलं की तो धडा बुडाला. तू शेजारी बस, हातात टाळ घेऊन, आणि फार गरज पडली तरच समेवर मान हलव.

एक गोष्ट होणार, ती आधीच सांगतो म्हणजे घाबरणार नाहीस. लय चढणार. अभंग सुरू होतो सावकाश, आणि शेवटाकडे टाळ-चिपळ्या अशा काही धावत सुटतात की मुलाच्या हाताला दम लागतो. गजरात लय वाढवतात ती वेगळी, ती ठरवून वाढवायची असते, मी म्हणतोय ती नकळत पळणारी लय. बायकांना दोष देऊ नको, आजवर त्यांना लय धरून देणारं कुणी नव्हतं म्हणून पळते. तुझ्या पोरांचं काम तेच, लय धरून ठेवायची, आणि ते आवाज वाढवून होत नाही, डग्गा सारखा आणि ठाम पडला पाहिजे. जे पोर हे करू शकतं ते पुढे कुठंही बसू शकतं.

सुराचं पण बघ. तुझ्याकडे बहुतेक काळी एक आणि काळी दोनचे (पेटीच्या त्या काळ्या पट्टीच्या सुरातले) तबले असतील. बायका काळी चारला गात असतील तर काळी एकचा तबला तिथं मध्यमाला (म) बोलतो आणि काळी दोनचा पंचमाला (प). हे पोरांना तोंडी सांगू नको, पेटीवर काळी चारचा सा धरून दोन्ही तबल्यांच्या चाटेवर (कडेच्या पट्टीवर) मारून ऐकव, कोणता गोड लागतो ते त्यांना ठरवू दे. पहिल्या वर्षाचं पोर सुद्धा ओळखतं, आणि एकदा ओळखलं की तबला सुरात आहे की नाही ही गोष्ट त्याची स्वतःची होते, तुझ्यावर अवलंबून राहत नाही.

यानं काय होईल तर पोराला घरी सांगायला काहीतरी असेल. आणि ऐकायला यायचं तर पालकांना निमित्त असेल. मंडळातली प्रत्येक बाई कुणाची तरी आजी आहे, मावशी आहे, काकू आहे, तिच्या अभंगाला ज्या पोरानं ठेका धरला त्या पोराचं कौतुक ती चार घरांत करणार, आणि मग "तबला शिकीसन काय करशी" हे विचारणाऱ्या आजीबाईच पोराला म्हणतील की एकादशीला आमच्याकडे ये वाजवायला. आपल्याकडे प्रसंगांना काय तोटा आहे का? श्रावणात कानबाईच्या रात्रीची गाणी आहेत, नवरात्र आहे, गावोगावी हरिनाम सप्ताह आहेत, वैशाखात तर तुमच्या अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्राच भरते. एवढी भजनं-कीर्तनं चालू असलेल्या मुलखात तबला शिकणारी पोरं बंद खोलीत मोबाईलच्या लेहऱ्यावर वाजवतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तू म्हणशील मग कायदे-पलटे सोडायचे का, परीक्षा बंद करायच्या का. नाही, अजिबात नाही. बाकीचे दिवस तुझा अभ्यासक्रम आहे तसाच चालू दे, तिट स्वच्छ नाही निघाला तर भजनातही तो घाणच निघणार आहे. उलट गुरुवारी पोराला कळेल की हात कुठे अडतोय आणि शुक्रवारी ते स्वतःहून तो बोल घासेल. दहावीला शास्त्रीय कलेचे सवलतीचे गुण मिळतात म्हणून येणारे पालक आहेत त्यांच्यावर रागावू नको, येऊ दे त्या निमित्तानं, कागदपत्रं वेळेवर करून दे आणि पोराला गुरुवारी बसव, पुढचं पोर बघून घेईल.

"सर कुठे आहेत" याचं उत्तर म्हणून नवऱ्याला दारात उभं करतेस असं लिहिलंयस, ते आजपासून बंद कर. दाराबाहेर पाटी लाव, त्यावर तुझं नाव आणि नावाखाली तबला विशारद, मोठ्या अक्षरात. डॉ. आबान मिस्त्री मुंबईत सोलो तबला वाजवायला लागल्या तेव्हा बाईनं तबल्याला हात लावणं लोकांना किती विचित्र वाटत असेल याची कल्पना कर, त्या वाजवत राहिल्या, लिहीत राहिल्या, शिकवत राहिल्या. अनुराधा पाल आज जगभर वाजवतात. तुझ्या 22 मध्ये मुली किती आहेत ते तू लिहिलं नाहीस, मला फार जाणून घ्यायचंय, कारण आया आपल्या मुलींना ताईकडे बिनधास्त पाठवतील, फक्त तशी मुली घेतेस हे त्यांना माहीत पाहिजे, आणि मंडळातून ते आपोआप कळेल.

उन्हाळ्यात पुड्या (तबल्याच्या तोंडावरची कातडी) फुटतात आणि सगळा खर्च त्यात जातो हे जे लिहिलंयस त्यावर थोडं. नाशिकला राहिलेल्या माणसाला आपला खानदेशातला 44-45 अंशांचा उन्हाळा कळायला वेळ लागतो. कोरड्या हवेत कातडं आखडतं, तबल्याचा सूर आपोआप चढतो, आणि आपण वाजवताना अजून हातोडी मारून चढवतो, मग फुटणारच. मार्चपासून क्लास संपला की पट्ट्यांखालचे लाकडी गठ्ठे थोडे वर घेऊन ताण कमी करून ठेव आणि जाड कापडात गुंडाळून आतल्या खोलीत ठेव, पत्र्याखाली नको. आणि कूलरच्या समोर तबला ठेवायचा नाही, कूलरची ओलसर हवा लागली की पुडी उतरते, मग पोरं हातोडी मारतात, कूलर बंद केला की तीच पुडी नको तेवढी ताणली जाते. कूलर पोरांच्या पाठीला लाव. नवीन पालकांना लगेच तबला-डग्गा घ्यायला लावू नको, तीन महिने हातावर ताल आणि तोंडी बोल झाले, पोर टिकलं, मग घ्यायला सांग.

फीचं म्हणशील तर महिन्याला मागणं बंद कर. तुझ्याकडची बरीच मुलं कापसावर चालणाऱ्या घरातली आहेत, त्या घरात जूनपासून खर्चच खर्च असतो, पैसा येतो तो दिवाळीनंतर कापूस विकला की. अशा माणसाकडे ऑगस्टमध्ये दोनदा फी मागितली की तो पैसे नाहीत असं सांगत नाही, लाजेनं पोरालाच पाठवायचं बंद करतो. त्याला सांग, थोडी आत्ता द्या, बाकी डिसेंबर-जानेवारीत एकदम द्या, वहीत लिहून ठेव, सही घे. नोकरदार पालकांकडून तिमाही आगाऊ घे. आणि मंडळाच्या बायकांना स्वतःला ठेका शिकायचाय ना, त्यांची दुपारची वेगळी बॅच कर, आठवड्यातून दोनदा, ढोलकी किंवा तबला ज्याला जे जमेल ते, भजनी, केरवा आणि दादरा एवढंच. त्याचे पैसे घे. देवाचं काम आहे म्हणून फुकट शिकवलंस तर चार आठवड्यांत निम्म्या यायच्या बंद होतील, 300 रुपये दिलेली बाई मात्र सासूला सांगून वेळेवर येते.

राहिली शाळा. शाळेतली नोकरी वाईट नसते, पण काम काय आहे ते आधी विचार. वर्षभर प्रार्थना आणि गॅदरिंगला पेनड्राइव्हवरच्या गाण्यांवर डान्स बसवून घ्यायचे असतील तर तो तुझा विषय नाही, तुझा हात दोन वर्षांत जाईल. तबल्याचा किंवा निदान तालाचा तास असेल तर बोलणी कर, फोनवर नको, जाऊन भेट. आठवड्यातून तीन दिवस येते, सकाळच्या वेळेत, मानधन कमी द्या पण क्लासची अट काढा, असं सांग आणि जे ठरेल ते लेखी घे. अट काढायला तयार नसतील तर माझं मत नको असंच आहे. हिशोब करून बघ, 22 पैकी 18 मुलं वर्षभर टिकली तर 9 हजार, आणि दुपारच्या बॅचला 10 बायका 300 प्रमाणे धरल्या तर 3 हजार, झाले ना 12 हजार, आणि हे तुझ्या स्वतःच्या घरात, तुझ्या नावाच्या पाटीखाली.

फक्त एवढंय की हे पुढच्या महिन्यात होणार नाही, वर्ष तरी जाईल, कदाचित दीड, आणि घरात आत्ताच पैशाची निकड असेल तर मी लांबून शहाणपणा सांगणं बरोबर नाही. तसं असेल तर एक वर्षासाठी शाळा धर, क्लास बंद ठेव, पण गुरुवारचं भजन सोडू नको. त्याला फी नाही, त्यामुळे तो खाजगी क्लास होत नाही, आणि शाळेकडून तेवढं आधीच लिहून घे की देवळातल्या भजनाला आमची हरकत नाही. जी आठ-नऊ मुलं राहिलीत त्यांना तिथंच बोलव.